नाण्याला आठवण नसते
मुलांचं ‘शक्यते’चं गणित घरच्या घरी

‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘नक्की’, ‘छे, शक्यच नाही!’ हे शब्द दिवसातून कितीदा तरी आपल्या तोंडी येतात. ‘आभाळ आलंय, बहुधा पाऊस पडेल, वाळवण आत घ्या,’ असं आपण सहज म्हणून जातो. मैत्रिणींनो, या शब्दांना आकड्यांत बसवण्याचं जे गणित, त्यालाच शाळेत ‘संभाव्यता’ म्हणतात. नाव मोठं असलं तरी इथे लक्षण खोटं नाही. चांगलं सोपं आहे.

महाराष्ट्र बोर्डाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात या विषयावर अख्खा धडा आहे. पण अपूर्णांक समजू लागलेल्या सहावी-सातवीच्या मुलांनाही तो घरी शिकवता येतो. आणि शिकवावाच. कारण हे गणित चुकलं तर नुसते मार्क जातात असं नाही. कधी कधी घरातल्या बाईच्या जिवाशी येतं. ते कसं, तेही पुढे पाहू.

बटणांची पिशवी

शिवणाच्या डब्यातून एकाच मापाची ५ बटणं काढा : ३ पांढरी, २ काळी. ती पिशवीत घालून मुलाला न बघता एक काढायला सांगा. काळं बटण येण्याची शक्यता किती? काळी २, एकूण ५, म्हणून २/५. हवं ते वर, एकूण खाली. झालं गणित!

पिशवीत काळं बटण नसेलच तर शक्यता ०. सगळीच काळी असतील तर १. ‘शक्यच नाही’ म्हणजे ०, ‘नक्की’ म्हणजे १, आणि ‘कदाचित’, ‘बहुधा’ यांची जागा मधे. उत्तर १ पेक्षा मोठं आलं, की कुठंतरी चुकलं हे मुलांना आपलं आपणच कळतं.

मात्र बटणं एकाच मापाची हवीत बरं का! एखादं मोठं असलं, तर तेच आधी हाताला लागतं. प्रत्येकाला सारखीच संधी असेल तरच हे मोजणं खरं.

दोन नाणी, चार तऱ्हा

आता एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं अशी दोन नाणी एकदम उडवा. एक छापा आणि एक काटा येण्याची शक्यता किती? बहुतेक मुलं म्हणतील, “आई, तीनच गोष्टी होऊ शकतात. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक-एक. म्हणून १/३!”

रागावू नका. वहीत लिहायला लावा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. तऱ्हा चार आहेत, आणि ‘एक-एक’ त्यांत दोनदा येतं. म्हणून उत्तर २/४, म्हणजे निम्मं. इथे भल्याभल्यांचा पाय घसरलाय. दालांबेर या नामवंत फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३. खरं उत्तर ३/४. वरच्या चार तऱ्हा मोजल्या की सातवीतली मुलगीसुद्धा ते सांगेल.

चिंचोक्याची गंमत

फोडलेला चिंचोका घ्या. एक बाजू काळी, फुगीर. दुसरी पांढरी, सपाट. पांढरी बाजू वर पडण्याची शक्यता किती? “दोनच बाजू आहेत, म्हणून निम्मी,” असं उत्तर आलं तर म्हणावं, “अरे, चिंचोका नाण्यासारखा दोन्हीकडून सपाट आहे का?” इथे नुसत्या बाजू मोजून भागत नाही, टाकूनच पाहावं लागतं. शंभर वेळा टाकायचा, वहीत रेघा ओढायच्या. पांढरा जितक्या वेळा पडेल त्याला १०० नी भागायचं, की अंदाज हाती आला.

दहा वेळा टाकून मात्र निकाल देऊ नये. चांगलं नाणंही दहा वेळा उडवलं, तर बरोब्बर पाच छापे येणं चार खेपांतून साधारण एकदाच घडतं. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिक या गणितज्ञाने छावणीत नाणं १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली. छापे आले ५,०६७. फेऱ्या वाढल्या की आकडा निम्म्याच्या जवळ येतो, तो असा.

पाच छाप्यांनंतर काय?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. लागोपाठ पाच छापे आले. सहाव्यांदा काटा येण्याची शक्यता जास्त का? मुलंच काय, मोठेही म्हणतात, “आता काटा यायलाच हवा!” पण नाण्याला आठवण नसते. मागे काय पडलं हे त्याच्या गावीही नसतं. सहाव्यांदाही शक्यता निम्मीच.

मग शेवटी निम्म्याच्या जवळ कसं येतं? आधी जास्त आलेले छापे पुढचे काटे भरून काढत नाहीत. घागरभर पाण्यात चिमूटभर मीठ विरावं, तसे ते पुढच्या हजारो फेऱ्यांत विरून जातात.

तर मग मागचं कधी मोजायचंच नाही का? मोजायचं, जिथे निघालेली चिठ्ठी परत टाकत नाहीत तिथे. आपल्या भिशीचंच बघा ना! १२ जणी असल्या तर पहिल्या महिन्यात आपलं नाव निघण्याची शक्यता १/१२. दोन महिने आपलं नाव निघालं नाही, तर तिसऱ्या महिन्यात डब्यात १० चिठ्ठ्याच उरतात, शक्यता १/१०. भिशीच्या डब्याला आठवण असते, नाण्याला नसते. मुलांना हा फरक कळला, की निम्मा धडा कळला.

आता घरातला प्रश्न

‘तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच होणार,’ असं एका घरी आत्याबाई ठासून सांगतात. दुसऱ्या घरी सासूबाई म्हणतात, ‘हिला मुलीच होतात.’ दोघीही नाण्याला आठवण चिकटवतात. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय, यावर ठरतं, आणि दर खेपेला शक्यता जवळजवळ निम्मीच असते. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, एवढाच काय तो फरक. तीन मुलींनंतर चौथ्या बाळंतपणाला ‘आता नक्की’ म्हणून सामोरं जाणाऱ्या बाईला कुणीतरी हे सांगायला हवं. दोष तिचा नाही, आणि ‘नक्की’ असं काही नाही.

‘मुलगा होण्याचं औषध’ देणाऱ्यांचा हिशेबही हाच. सोळा जणींना नुसती साखर दिली, तरी आठेक जणींना मुलगा होणारच. त्या गावभर गुण गातात. बाकीच्या गप्प बसतात, किंवा पथ्य चुकलं म्हणून स्वतःलाच बोल लावतात. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात २००३ साली लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, विशिष्ट लिंगाचा गर्भ राहण्याची शक्यता वाढावी म्हणून काहीही देणं हीसुद्धा लिंगनिवड ठरते, आणि तो गुन्हा आहे.

थॅलेसेमियाचंही तसंच. आई-वडील दोघेही त्याचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता १/४. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप,’ असा अर्थ कुणी काढू नये. दर खेपेला १/४ नव्याने. म्हणून लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

रविवारी दुपारी मुलांना विचारा

१. ल्यूडोच्या फाशावर ५ पेक्षा कमी दान पडण्याची शक्यता किती?
२. तीन नाणी उडवली, तर तिन्ही छापे येण्याची शक्यता किती? (सगळ्या तऱ्हा लिहून काढा.)
३. दहा वेळा फासा टाकून सहा पडला नाही. अकराव्यांदा सहा पडण्याची शक्यता किती?

उत्तरं : १) ४/६, म्हणजे २/३. २) तऱ्हा ८, म्हणून १/८. ३) १/६ च. सोंगटी बाहेर निघत नाही म्हणून धाकटी रडायला लागली, तर तिला सांगा : लागोपाठ दहा वेळा सहा न पडणं, हेही साधारण सहांतून एकदा घडतंच. नशीब फुटकं नाही, फासाच तसा आहे.