कचारगडची वाट आणि आजोबांचे पाणी

माघ पौर्णिमेच्या गोंडी यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले सालेकसा तालुक्यातील कचारगड नातवंडांना उन्हाळी सुटीत दाखवायचे असेल, तर बेत ज्येष्ठांपासून आखावा. वाटेत लघवीसाठी थांबावे लागू नये म्हणून कित्येक आजी-आजोबा पाणीच पीत नाहीत. विदर्भाच्या उन्हात त्यातून चक्कर येते, तोल जातो, हाड मोडते. म्हणून दर दोन तासांनी, कुणी न मागताही, गाडी थांबवावी. गजर लावण्याचे काम पंधरा वर्षांच्या नातवाकडे सोपवावे. मोबाइल त्याच्याच हातात असतो! हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये. गुहेची चढण सकाळीच चढावी. आजींचे गुडघे नको म्हणत असतील, तर पायथ्याशी सावलीत त्यांच्यासोबत कुणीतरी थांबावे.