‘नायकी’ म्हटलं की खाली बघायचं

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं डगर कुटुंब बाहेर पडलं की आई-वडील आणि मागे मुलांची लांबलचक रांग असायची. एकूण मुलं एकोणीस. समोरून एखादी बाई तोकड्या कपड्यांत आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘नायकी’. त्याबरोबर सगळे मुलगे माना खाली घालून आपापल्या बुटांकडे बघायचे. बाई निघून गेली की माना वर. हा घरचा सांकेतिक शब्द होता, आणि डगर मंडळींनी तो स्वतःच जगाला सांगितला. 2008 पासून टीएलसी वाहिनीवर त्यांची मालिका गाजत होती. देवभीरू, शिस्तीतलं, हसतमुख घर म्हणून प्रेक्षक त्यांच्याकडे कौतुकानं बघत.

या शिस्तीमागचा माणूस मात्र पडद्यावर फारसा दिसत नसे. त्याचं नाव बिल गॉथर्ड, शिकागोजवळचा उपदेशक. 1961 साली त्यानं काम सुरू केलं आणि सत्तरच्या दशकात त्याच्या शिबिरांना मोठमोठी क्रीडागृहं भरू लागली. ‘इन्स्टिट्यूट इन बेसिक लाइफ प्रिन्सिपल्स’ ही त्याची संस्था. शिकवणीचा गाभा छत्रीचा: देवाच्या छत्रीखाली बाप, बापाच्या छत्रीखाली आई, आणि तळाशी मुलं. छत्रीबाहेर पाय टाकला की सैतानाला वाट मोकळी. त्यातून नियमांची रांगच लागली. ड्रमच्या ठेक्याचं संगीत घरात नको. मुलींचे स्कर्ट पायघोळ हवेत. लग्न ठरू घातलेल्या मुला-मुलींच्या मेसेजवर आई-वडिलांची नजर हवी. डगरांच्या घरी साखरपुड्याआधी हातात हात घ्यायचा नाही, मिठी मारली तरी बाजूनं, आणि पहिलं चुंबन लग्नाच्या वेदीपाशी. ‘कॅबेज पॅच’ नावाच्या बाहुल्या घरात असल्या तर बाळंतपण अडतं, इथपर्यंत शिकवण गेली होती. संसार कसा करावा हे लाखोंना शिकवणारा गॉथर्ड स्वतः अविवाहित.

हे नियम मुलांच्या मनात कुठवर उतरले होते, ते जिंजर या डगरांच्या मुलीनं 2023 साली आलेल्या आत्मकथनात लिहिलं आहे. एकदा भावंडांबरोबर ब्रूमबॉल खेळायला जायचं होतं. ती भीतीनं गारठली. आज देवाची इच्छा मी घरी बसून बायबल वाचावं अशी असेल तर? मग खेळायला जाताना वाटेत गाडीचा अपघात होऊन मी मरेन का? खेळायला निघालेल्या मुलीच्या मनात देव असा दबा धरून बसलेला होता. हे वाचताना मला गॉथर्डचा राग आला, आणि आजही तो ओसरलेला नाही.

आता त्याच्या मुख्यालयात काय चाललं होतं ते बघा. 1980 मध्येच पहिला स्फोट झाला होता. संस्थेत काम करणारा त्याचा भाऊ तिथल्या सेक्रेटरी मुलींशी संबंध ठेवत होता, हे उघड झालं. गॉथर्डनं राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा खुर्चीत बसला. मग 2014 साली तीसहून अधिक स्त्रियांनी खुद्द त्याच्यावर छळाचे आरोप केले. त्यातल्या कित्येकजणी कोवळ्या वयात मुख्यालयात कामाला आलेल्या. संस्थेनं केलेल्या चौकशीत गुन्हा आढळला नाही, पण वागणं अनुचित होतं असं ठरलं. लैंगिक हेतू होता हे गॉथर्डनं नाकारलं. मात्र मुलींचे हात धरणं, त्यांना मिठी मारणं, पायांना आणि केसांना स्पर्श करणं चुकीचं होतं, अशी लेखी कबुली त्यानं दिली. त्याच्या शिकवणीवर वाढलेल्या घरांत लग्न ठरू घातलेली मुलं-मुली हात धरताना दहादा विचार करत होती.

मूळ दुखणं माझ्या मते इथेच आहे. छत्रीच्या चित्रात बापाला आणि गुरूला जाब विचारणारं कुणी काढलेलंच नव्हतं. पहारा होता तो खालच्यांवर, त्यातही मुलींवर. लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी संस्थेचं एक समुपदेशनाचं पान होतं. देवानं हे का होऊ दिलं, असा प्रश्न त्यात होता, आणि संभाव्य कारणांत पीडितेचे कपडे आणि आई-वडिलांच्या संरक्षणाबाहेर जाणं यांचा समावेश होता. येशूनं सगळ्यात कठोर शब्द शास्त्री आणि परूशी यांच्यासाठी राखून ठेवले होते, ते इतरांवर जड ओझी लादतात म्हणून. बायबल तोंडपाठ असणाऱ्या या घरांत त्या शब्दांची आठवण कुणाला झाली नाही.

डगरांचा थोरला मुलगा जॉश. 2002-03 मध्ये, किशोरवयात, त्यानं पाच मुलींशी लैंगिक चाळे केले. त्यातल्या चौघी त्याच्या सख्ख्या बहिणी. त्याच 2002 साली बाप जिम बॉब अमेरिकी सिनेटच्या उमेदवारीसाठी उभा होता, आणि बलात्कार व कुटुंबातल्या लैंगिक अत्याचाराला देहदंड हवा अशी त्याची जाहीर भूमिका होती. मुलाच्या बाबतीत मात्र चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी बोलणं झालं, त्याला काही महिने दुसरीकडे पाठवलं आणि पुढे एका ओळखीच्या पोलिसाकडून दम देववला. गुन्हा नोंदला गेला नाही. 2004 मध्ये डगर कुटुंब पहिल्यांदा टीव्हीवरच्या एका खास कार्यक्रमात झळकलं. 2015 मध्ये एका साप्ताहिकानं हे बाहेर काढलं आणि मालिका बंद पडली. तेव्हा जॉश वॉशिंग्टनमध्ये कौटुंबिक मूल्यांचा प्रचार करणाऱ्या संघटनेत मोठ्या पदावर होता. काही महिन्यांत विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या संकेतस्थळावरचं त्याचं खातं उघडकीला आलं आणि त्यानं स्वतःच स्वतःला ढोंगी म्हटलं.

पुढे जॉशवर फौजदारी खटला चालला. त्यात उघड झालेला एक तपशील तर अंगावर येतो. त्याच्या गाड्या विकण्याच्या धंद्यातल्या संगणकावर ‘कव्हनंट आइज’ नावाचं पहारेकरी सॉफ्टवेअर होतं. अश्लील काही उघडलं तर त्याची खबर थेट बायकोकडे जायची. त्यानं हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा करून त्यावर लिनक्स टाकलं आणि पासवर्ड लावला. पहारेकऱ्याला तो भाग दिसतच नव्हता. तिथे लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं आणि चित्रफिती आल्या. डिसेंबर 2021 मध्ये तो दोषी ठरला. शिक्षा 151 महिन्यांची.

त्या चार बहिणींपैकी जिल ही एक. लग्नाच्या आदल्या दिवशी, 2014 साली, बापानं तिच्यापुढे एक कागद सरकवला आणि तिनं मुकाट्यानं सही केली. वडिलांच्या छत्रीखाली वाढलेली मुलगी, वाचायला कशाला मागेल? आपण पाच वर्षं चित्रीकरणाला बांधले गेलो हे तिला फार नंतर कळलं. आपल्या कामाचे पैसे मागायला तिला वकील गाठावा लागला. पुढे ती पँट घालू लागली, नाकात चमकी आली. आपल्याकडे जो सौभाग्याचा दागिना, तो तिच्या माहेरी बंडाची खूण ठरला. 2023 साली आलेल्या पुस्तकात तिनं बापाशी झालेली एक भेट सांगितली आहे. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली ती लेक त्या दिवशी बापाला तोंडावर म्हणाली, की तुम्ही जॉशशी वागता त्याहून वाईट माझ्याशी वागता.