गाळ काढणाऱ्यांची नावे

विहीर कोणी खोदली, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगते. दर उन्हाळ्यात खाली उतरून तिचा गाळ कोण काढतो, हे मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. संगणकाच्या दुनियेतही असेच चालते.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या साध्या साधनाला टेक्स्ट एडिटर म्हणतात. त्यातली दोन नावे फार जुनी: रिचर्ड स्टॉलमन यांचा १९८५चा ‘जीएनयू ईमॅक्स’ आणि ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरचा १९९१चा ‘व्हिम’. दोन्ही फुकट मिळतात. शिवाय ते आतून कसे लिहिले आहेत, हे कोणालाही वाचता येते आणि दुरुस्तही करता येते. म्हणून त्यांना मुक्तस्रोत म्हणायचे. शुद्धलेखन तपासणे, याद्या ठेवणे अशा जादा सोयींसाठी त्यांना छोटी पॅकेजेस जोडतात. ती लिहिणारे बहुतेक जण हौशी असतात, नोकरीधंदा सांभाळून हे काम करणारे.

पॅकेज लिहिणे एक वेळ सोपे, पण ते सांभाळणे कठीण. एडिटरची नवी आवृत्ती आली की काल चालणारे पॅकेज आज रुसून बसते.

आपल्या मराठीचेच पाहा ना! ‘ॲडमिशन’मधल्या ‘ॲ’ला संगणकाच्या जागतिक लिपी-संकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ पर्यंत स्वतंत्र जागाच नव्हती. ‘अ’वर चंद्र देऊन वेळ मारून नेली जाई. त्या वर्षी स्वतंत्र अक्षर मिळाले. पण डोळ्यांना सारखी दिसणारी ही दोन रूपे संगणकाच्या लेखी वेगळी. नव्या रूपाने शोध घेतला, तर जुन्या रूपात लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. एका अक्षरापायी फाँट, कळफलक, शब्दकोश, शोधाची सोय, सगळीकडे कोणाला तरी हात घालावा लागतो. जिथे सांभाळणारा नाही, तिथे चूक तशीच राहते.

आणि सांभाळणारा थकला तर? मजकूर आवळून लहान करणारी ‘एक्सझेड’ नावाची आज्ञावली असंख्य लिनक्स संगणकांत असते. तिचा भार मुख्यतः एकाच माणसावर होता. एक अनोळखी मदतनीस आला, दोनेक वर्षे गोड बोलून काम करत राहिला आणि २०२४ मध्ये त्याने तीत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला, म्हणून मार्चअखेर ते उघडकीस आले. थकलेल्या रखवालदाराची किंमत अशी मोजावी लागते.

याउलट मूलेनार. व्हिम आवडला तर युगांडातील गरजू मुलांना मदत करा, एवढेच मागणे त्यांनी वापरणाऱ्यांकडे केले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. व्हिम मात्र थांबला नाही. सहकाऱ्यांनी काम उचलले आणि पुढच्याच जानेवारीत नवी आवृत्ती काढून ती त्यांना अर्पण केली. ‘ॲटम’ या एडिटरमागे गिटहबसारखी मोठी कंपनी होती. तरी तिने डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे काम बंद केले. पण त्याचाही स्रोत खुला असल्यामुळे चाहत्यांनी ‘पल्सार’ नावाने तो पुढे चालवला. म्हणजे टिकवतात ती माणसे, पैसा नव्हे.

नांदेडला विष्णुपुरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ पासूनचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. लातूरला तर शिक्षणाचा बाजारच भरतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मुले जीव तोडून करतात आणि तोंडी परीक्षा झाली की तो कपाटात जातो. त्याऐवजी मराठीचे एखादे बेवारस पॅकेज एका वर्गाने दत्तक घेतले आणि जाताना पुढच्या वर्गाच्या हाती सोपवले तर? नाव होणार नाही कदाचित. पण पाण्याची किंमत मराठवाड्याला कोणी शिकवायला नको, आणि विहीर गाळाने भरली तर पाणी मिळत नाही, हेही.