मैदान न मारणाऱ्यांची मेहनत

पोरगं घरात गप्प गप्प राहायला लागलं, रात्र रात्र जागायला लागलं, अभ्यासावरून त्याचं लक्ष उडालं, की कोल्हापुरात पूर्वी घरातलं वडीलधारं माणूस म्हणायचं, “तालमीला घाला त्याला.” हा सल्ला देताना कुणाच्या डोळ्यांपुढं हिंदकेसरीची गदा नसायची. पोरानं पहाटे उठावं, चार जणांत मिसळावं, त्याला भूक लागावी, झोप लागावी, एवढीच अपेक्षा. गेल्या दहाएक वर्षांत या जुन्या सल्ल्याच्या बाजूनं संशोधनाचा पुरावा जमत गेला आहे. पेठेपेठेत तालीम असलेल्या शहरानं तो नीट वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठात ब्रेट गॉर्डन आणि मॅथ्यू हेरिंग यांच्या गटानं वजनं उचलणं, जोर काढणं अशा ताकदीच्या व्यायामाचा नैराश्यावर काय परिणाम होतो, यावर झालेले प्रयोग एकत्र करून तपासले. असे ३३ प्रयोग होते आणि त्यांत १,८७७ माणसं होती. व्यायाम कुणी करायचा आणि कुणी नाही, हे प्रत्येक प्रयोगात चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं होतं. २०१८ साली ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात निष्कर्ष आला. व्यायाम करणाऱ्यांची उदासी स्पष्ट कमी झाली होती. हिशेब असा, की चार जणांना हा व्यायाम दिला, तर त्यांतल्या एकाला एरवी पडला नसता इतका फरक पडतो. मनाच्या आजारांवरच्या उपायांत हे प्रमाण चांगलं मानतात.

त्या अभ्यासातली एक नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. मनाला झालेला फायदा ताकद किती वाढली यावर अवलंबून नव्हता. ज्या प्रयोगांत लोकांची ताकद फारशी वाढली नाही, तिथंही उदासी उतरली. एकूण किती व्यायाम केला, यानंही विशेष फरक पडला नाही. म्हणजे दंड भरले नाहीत, छाती रुंदावली नाही, तरी मनाच्या पदरात पडायचं ते पडतं.

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास साहजिकच जिंकणाऱ्यांचा आहे. युरोप पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं १९१२ सालचं खासबाग मैदान, राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणलेलं ऑलिंपिक कांस्य, १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे, पाठोपाठ गणपतराव आंदळकर. ही नावं इथल्या पोरासोरांना पाठ असतात. पण मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत एका नामांकित मल्लामागं मेहनत करणारे कितीतरी जण असत. तालमीत व्यायामाला ‘मेहनत’च म्हणतात. त्यांतला कुणी पुढं पोलिसात गेला, कुणी उसाच्या शेतीत रमला, कुणी हुपरीत चांदीच्या कामाला लागला. त्यांनी मैदान मारलं नाही, त्यांची नोंद कुठं राहिली नाही. लिमरिकचा निष्कर्ष नेमका अशा माणसांविषयी बोलतो.

हे सगळं तरुणांना लागू पडतं का? याच गटानं पुढं तरुणांवर स्वतंत्र प्रयोग केला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. आठ आठवडे, आठवड्यातून दोन दिवस. बैठका, छातीवरून वजन ढकलणं, जमिनीवरून वजन उचलणं, पोटाचे व्यायाम असे एकूण आठ प्रकार. प्रत्येकाचे दोन सेट, सेटमध्ये आठ ते बारा वेळा. जमू लागलं की वजन थोडं वाढवायचं. शेजारी शिकवणारा माणूस उभा. या तरुणांना चिंतेचा आजार जडलेला नव्हता. परीक्षा, नोकरी, घर यांच्या काळज्या तेवढ्या होत्या. आठ आठवड्यांनी त्यांची चिंता लक्षणीय कमी झाली. हा प्रयोग अवघ्या २८ जणांचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यानंतर नैराश्याच्या लक्षणांवर केलेल्या प्रयोगांतही दिशा तीच राहिली.

त्याहून मोठं चित्र २०२४ साली ‘बीएमजे’त आलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे मायकल नोएटेल आणि सहकाऱ्यांनी व्यायाम आणि नैराश्य यांवरचे २१८ प्रयोग आणि १४,१७० माणसं एका तराजूत घातली. चालणं-पळणं, योग आणि ताकदीचे व्यायाम हे तीन प्रकार पुढं निघाले. लोक मध्येच सोडून जाण्याचं प्रमाण ताकदीच्या व्यायामात आणि योगात कमी होतं. व्यायाम जितका कसून केला तितका फायदा जास्त. किती मिनिटं केला याला त्या मानानं महत्त्व कमी. ताकदीच्या व्यायामाचा गुण वयस्करांपेक्षा तरुणांना आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक आला.

मनावर हा परिणाम होतो कसा? एकच एक उत्तर नाही. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगातून एक वाट दाखवली. ताण वाढला की शरीरात कायन्युरेनिन नावाचं द्रव्य वाढतं. ते रक्तातून मेंदूत शिरतं आणि तिथं दाह माजवायला हातभार लावतं. राबलेल्या स्नायूंत काही विकरं तयार होतात, ती या कायन्युरेनिनचं रूप बदलून टाकतात, आणि बदललेलं द्रव्य मेंदूत सहज शिरू शकत नाही. म्हणजे स्नायू इथं गाळणीचं काम करतो. ही वाट प्रामुख्यानं पळण्यासारख्या दमसासाच्या व्यायामात दिसलेली आहे. वजनाच्या व्यायामातही ती तितकीच चालते, असं अजून ठामपणे म्हणता येत नाही. मेंदूतल्या पेशींना पोसणारी बीडीएनएफसारखी प्रथिनं व्यायामानं वाढतात, हा दुसरा धागा. गाढ झोप हा तिसरा, आणि माझ्या मते तो उगाच मागं पडलेला आहे.

चिंतेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडत असावी. चिंताग्रस्त तरुणाला छातीतली धडधड, घाम, धाप यांचीच भीती बसलेली असते. धडधड वाढली की आता काहीतरी होणार असं त्याला वाटतं, त्यानं ती आणखी वाढते. कसून बैठका मारताना नेमकी तीच धडधड होते आणि दोन मिनिटांत शांतही होते. हे शरीरानं पुन्हा पुन्हा अनुभवलं, की धडधडीचा धाक ओसरतो. कुस्तीच्या मातीत, हौद्यात, तर त्याच्या पुढची पायरी आहे. जोडीदारानं खाली दाबून धरलंय, तोंडात माती गेलीय, श्वास फुललाय, आणि तरीही डोकं ताळ्यावर ठेवून डाव शोधायचा आहे. लढत संपली की तोच जोडीदार हात देऊन उठवतो. हे सगळं वस्तादाच्या नजरेखाली चालतं, म्हणून त्यात धोका कमी आणि शिकणं जास्त.

मानसशास्त्रात स्वक्षमतेची जाणीव म्हणून एक संकल्पना आहे, ‘हे मला जमेल’ हा विश्वास. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली ती मांडली. हा विश्वास उपदेशानं फारसा वाढत नाही, हाती आलेल्या छोट्या यशानं वाढतो. गेल्या महिन्यात पंधरा जोर निघत होते, आज वीस निघतात, याला कुणाच्या शाबासकीची गरज नसते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत तीन-चार वर्षं घालवलेल्या, निकालाशिवाय दुसरं मोजमाप हातात नसलेल्या मुला-मुलींना असं स्वतःचं मोजमाप मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

तालमीच्या परंपरेत एक गोष्ट मात्र या पुराव्याच्या उलट जाते, ती म्हणजे आकड्यांची हौस. हजार बैठका, पाचशे जोर. पैलवानाला ते लागतं, त्याचा खुराकही तसाच असतो. पण मनाच्या आरोग्यासाठी येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात या आकड्यांखाली दाबलं, तर तो दुखऱ्या मांड्या घेऊन घरी जाईल आणि परत येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस, सर्व मोठ्या स्नायूंना व्यायाम अशी आहे. जोर, बैठका, दोरावर चढणं, थोडा करेला फिरवणं यांत ते सगळं बसतं. दोन दिवस पुरतात.

जिममध्येही हेच साधतं. पण तिथं आरशापुढं दुसरीच चिंता जन्माला येण्याचा धोका आहे. दंड पुरेसे भरत नाहीत म्हणून झुरणारी, कुणीतरी सुचवलेलं इंजेक्शन टोचून घेणारी पोरं आता कोल्हापुरातही दिसतात. ज्या व्यायामानं मन मोकळं व्हायचं, तोच मनाला टोचायला लागतो. स्टेरॉइडनं हृदय आणि यकृत बिघडतं, चिडचिड आणि उदासी वाढते. हे विकणाऱ्यांना आपण फार सैल सोडलं आहे.

पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लिमरिकच्या तपासणीत, मापन करणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं, अशा काटेकोर प्रयोगांत फायदा कमी निघाला. शिवाय आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळं ‘बरं वाटणार’ या अपेक्षेचा वाटा वेगळा काढणं कठीण जातं. आणि ज्याला अंथरुणातून उठवत नाही, जगणं नको वाटतं, त्याला ‘चार जोर मार, बरं वाटेल’ म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञ हवा, गरज असेल तर औषध हवं. व्यायाम त्याच्या जोडीनं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. देशातल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर निघालं होतं. तालमीत रोज मुलांना बघणारा वस्ताद हा कित्येकदा पहिला माणूस असतो, ज्याला बदल जाणवतो. त्यानं तो बोलून दाखवायला हवा.

तालमी नुसत्या कुस्तीच्या कधीच नव्हत्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या संघांना आहेत, पण मुळात ती पेठांतल्या तालमींचीच. गणपती असो की पंचगंगेचा पूर, पेठेतली पोरं तिथंच जमतात. एकटेपणावर एवढी तयार व्यवस्था फार थोड्या शहरांकडे असेल. तिच्यात एक मोठी उणीव आहे ती मुलींची. रेश्मा माने यांच्यासारख्या कोल्हापूरच्या कुस्तीगीर मुलीनं आंतरराष्ट्रीय पदकं आणली, तरी पेठेतल्या तालमीची पायरी चढताना बहुतेक मुली अजून बिचकतात. ‘बीएमजे’तला पुरावा तर सांगतो, की या व्यायामाचा गुण त्यांनाच जास्त येतो.

आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तालीम मंडळांनी मुलींसाठी आणि कुस्ती न खेळणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या, तर हे इथंच तपासून पाहता येईल. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवलं जातं, चिंता आणि उदासी मोजण्याच्या प्रमाणित प्रश्नावल्या तिथल्या अध्यापकांना ठाऊक आहेत. नाव नोंदवणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांनी लगेच सुरुवात करायची, निम्म्यांनी आठ आठवडे थांबायचं. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही गटांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, ती तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही. जोर-बैठकांना यंत्र लागत नाही, जागा आहे, वस्ताद आहेत. आणि थांबलेल्या निम्म्यांना नवव्या आठवड्यापासून तीच मेहनत शिकवायची.