काजळीतून परतलेले पांढरे

पांढऱ्या पंखांवर मिरीची भरड भुरभुरल्यासारखे ठिपके. इंग्लंडमधला हा निशाचर पतंग दिवसा दगडफुलाने भरलेल्या सालीवर बसला की हातभर अंतरावरूनही चटकन दिसत नाही. 1848 मध्ये मँचेस्टरला याच जातीचा एक कोळशासारखा काळा पतंग सापडला आणि 1895 पर्यंत तिथले शंभरातले 98 काळे झाले. गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले, खोडांवर काजळी बसली, पांढरे पतंग पाखरांच्या नजरेत भरू लागले. पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुधा इथेच संपते. पण उत्क्रांतीचा पुरावा म्हणून पुढचा भाग, म्हणजे पांढऱ्यांचे परत येणे, अधिक वजनदार आहे.

डार्विनपाशी निवडीचे तत्त्व होते, आनुवंशिकतेचा हिशेब नव्हता. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे अपत्यात मिसळतात, असाच त्या काळचा समज. 1867 मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने नेमके तिथे बोट ठेवले: एकट्यादुकट्यात उपजलेला उपयुक्त गुण पिढीगणिक निम्मा होत विरून जाणार असेल, तर निवड निवडणार काय? मिसळण्याचा समज मान्य केला, तर हा आक्षेप बिनतोडच होता. त्याचे उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांवरच्या निबंधात 1866 मध्येच छापून आले होते, मात्र 1900 पर्यंत ते कोणी मनावर घेतले नाही. गुणांचे घटक विरघळत नाहीत, सुट्या नाण्यांसारखे अखंड पुढे जातात. 1924 मध्ये हाल्डेन यांनी (पुढे भारतात स्थायिक होऊन 1964 मध्ये भुवनेश्वरला वारलेले तेच) निवड आणि आनुवंशिकता एका गणितात बसवली. काळेपणाचे जनुक प्रभावी आहे. ते पन्नासएक वर्षांत इतके पसरायचे तर काळ्यांची वंशवृद्धी पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट हवी, असे त्यातून निघाले.

आता मँचेस्टरच्या त्या दोन पांढऱ्यांकडे पाहा. पांढरे दिसायला जनुकाच्या दोन्ही प्रती पांढऱ्या लागतात. जोड्या योगायोगाने जुळतात असे धरले, तर दोन टक्क्यांचे वर्गमूळ येते सुमारे 14 टक्के. म्हणजे पांढरे जवळपास संपलेले दिसत असताना शंभरातल्या 14 प्रती शाबूत होत्या, त्यातल्या 12 काळ्या अंगात दडून. 1956 मध्ये ब्रिटनने धुरावर कायदा केला. लिव्हरपूलजवळच्या कॅल्डीत 1959 मध्ये काळे नव्वद टक्क्यांच्या वर होते, 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते विसाच्या खाली आले. आजूबाजूच्या रानातून उडून आलेल्यांचा हातभार यात होताच. पण वाढले ते पांढरे, आणि खापरपणज्यांइतकेच पांढरे. गुण मिसळत असते तर सगळीकडे करडेच दिसले असते. मधल्या छटेचे पतंगही असतात, हे खरे. मात्र ती छटा म्हणजे भेसळ नव्हे, त्याच जनुकाची ती निराळी रूपे आहेत.

पाखरेच निवड करतात हे दाखवणाऱ्या केटलवेल यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांवर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. त्यांनी पतंग खोडांवर बसवले, तेही दाटीने. एरवी ते बरेचदा फांद्यांवर बसतात. मायकेल मॅजेरस यांनी 2001 ते 2007 या काळात केंब्रिजला, या उणिवा टाळून, 4,864 पतंगांवर प्रयोग पुन्हा केला. स्वच्छ हवेत पाखरांनी काळे अधिक टिपले. पतंग शेवटी पतंगच राहिला, नवी जात कुठे झाली, असे विचारणाऱ्यांना इतकेच सांगता येईल की दीडशे वर्षांत तशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. इथे दिसते ते जनुकांचे प्रमाण निवडीने बदलताना. याहून चांगला आक्षेप 1920 च्या दशकात घेतला गेला होता: काजळीतले क्षार पोटात जाऊनच पतंग काळे होत असतील. तसे असते तर गावोगावी काळेपणा वेगवेगळा उपजला असता. 2016 मध्ये ते जनुक वाचले गेले. त्यात सुमारे 22 हजार अक्षरांचा एक भटका तुकडा घुसलेला होता, 1819 च्या आसपास, आणि देशभरच्या कोळशासारख्या काळ्या पतंगांत तो एकाच पूर्वजाकडून आलेला होता.