संग्राम थोपटे

संग्राम अनंतराव थोपटे हे महाराष्ट्रातील एक राजकारणी आहेत. पुणे जिल्ह्यातील भोर विधानसभा मतदारसंघातून ते २००९, २०१४ आणि २०१९ अशा सलग तीन निवडणुकांत भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे उमेदवार म्हणून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे शंकर हिरामण मांडेकर यांनी त्यांचा पराभव केला. एप्रिल २०२५ मध्ये थोपटे यांनी काँग्रेसचा राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. राज्याचे माजी मंत्री अनंतराव थोपटे हे त्यांचे वडील होत.

थोपटे यांनी ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले त्यात भोर, वेल्हे (राजगड) आणि मुळशी हे तीन तालुके येतात. भोर व वेल्हे हे प्रामुख्याने डोंगराळ व शेतीप्रधान तालुके आहेत, तर मुळशीच्या पूर्व भागातील माण, हिंजवडी व मारुंजी ही गावे माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे झपाट्याने शहरी झाली आहेत. या दोन भिन्न स्वरूपाच्या भागांचा एकच आमदार असणे, ही या मतदारसंघाच्या राजकारणातील महत्त्वाची बाब आहे. थोपटे यांच्या निवडणुकांचे निकाल समजून घेताना ती विचारात घ्यावी लागते.

## कौटुंबिक व राजकीय पार्श्वभूमी

भोर हे स्वातंत्र्यापूर्वी एक संस्थान होते. १९४८ मध्ये ते तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढील काळात या भागाच्या राजकारणावर सहकारी संस्था व शिक्षणसंस्था यांचा मोठा प्रभाव राहिला. अनंतराव थोपटे यांचे नेतृत्व याच वातावरणात उभे राहिले. ते सहा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि त्यांनी राज्याच्या मंत्रिमंडळातही काम केले. निगडे (ता. भोर) येथील राजगड सहकारी साखर कारखाना आणि राजगड ज्ञानपीठ ही शिक्षणसंस्था थोपटे कुटुंबाच्या सार्वजनिक कार्याची प्रमुख केंद्रे आहेत. संग्राम थोपटे यांनी या साखर कारखान्याचे अध्यक्षपद भूषवले आहे.

जून १९९९ मध्ये शरद पवार यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना केली. अनंतराव थोपटे मात्र काँग्रेसमध्येच राहिले. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत राष्ट्रवादीचे काशिनाथ खुटवड यांनी भोरमधून त्यांचा पराभव केला. २००४ मध्ये अनंतराव पुन्हा विजयी झाले. तथापि, १९९९ च्या पराभवामुळे थोपटे व पवार या दोन घराण्यांत आलेला दुरावा पुढे सुमारे अडीच दशके जिल्ह्याच्या राजकारणात चर्चेचा विषय राहिला.

## मतदारसंघाची पुनर्रचना

२००८ पूर्वी मुळशी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००४ मध्ये तेथून शिवसेनेचे शरद ढमाले निवडून आले होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशभरातील मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरवल्या. त्यात मुळशी मतदारसंघ संपुष्टात आला आणि मुळशी तालुका भोर मतदारसंघाला जोडण्यात आला. भोर (क्रमांक २०३) हा मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर व खडकवासला हे त्या लोकसभा मतदारसंघातील अन्य विधानसभा मतदारसंघ आहेत.

या पुनर्रचनेमुळे भोरच्या आमदाराचे कार्यक्षेत्र भाटघर व नीरा देवघर धरणांच्या परिसरापासून थेट पिंपरी-चिंचवडच्या हद्दीपर्यंत विस्तारले. मतदारसंघाचे नाव भोर असेच राहिले. परंतु संग्राम थोपटे यांनी २००९ मध्ये ज्या मतदारसंघातून पहिल्यांदा विजय मिळवला, तो त्यांच्या वडिलांच्या जुन्या मतदारसंघापेक्षा बराच वेगळा होता.

## निवडणुका

२००९ ची निवडणूक नव्या सीमांनुसार झालेली पहिली विधानसभा निवडणूक होती. काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या आघाडीत भोरची जागा काँग्रेसकडे होती. संग्राम थोपटे यांनी ही निवडणूक जिंकून विधानसभेत प्रवेश केला.

२०१४ मध्ये मतदानाच्या काही आठवडे आधी राज्यातील दोन्ही प्रमुख आघाड्या तुटल्या आणि काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना व भारतीय जनता पक्ष स्वतंत्रपणे लढले. या बहुरंगी लढतीत थोपटे यांनी शिवसेनेचे कुलदीप कोंडे यांचा १८,९५१ मतांनी पराभव केला. राष्ट्रवादीचे विक्रम खुटवड तिसऱ्या क्रमांकावर राहिले. देशात व राज्यात काँग्रेसची पीछेहाट होत असताना थोपटे यांनी आपली जागा राखली.

२०१९ मध्ये आघाड्या पुन्हा एकत्र आल्या. युतीत ही जागा शिवसेनेकडे राहिल्याने थोपटे व कोंडे यांच्यात पुन्हा सामना झाला. थोपटे तिसऱ्यांदा विजयी झाले, मात्र त्यांचे मताधिक्य ९,२०६ पर्यंत खाली आले.

२०२४ च्या निवडणुकीपर्यंत शिवसेना व राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांत फूट पडली होती. महाविकास आघाडीत भोरची जागा काँग्रेसकडे, तर महायुतीत अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादीकडे होती. राष्ट्रवादीने मुळशी तालुक्यातील शंकर मांडेकर यांना उमेदवारी दिली. मांडेकर त्यापूर्वी शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटात होते व निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी राष्ट्रवादीत प्रवेश केला होता. कुलदीप कोंडे आणि पुणे महापालिकेतील भाजपचे माजी नगरसेवक किरण दगडे हे दोघेही अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. महायुतीच्या बाजूची मते अशा रीतीने विभागली जाण्याची शक्यता असूनही मांडेकर १९,६३८ मतांनी निवडून आले.

| वर्ष | विजयी उमेदवार | मते | दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार | मते | मताधिक्य |
|---|---|---|---|---|---|
| २०१४ | संग्राम थोपटे (काँग्रेस) | ७८,६०२ | कुलदीप कोंडे (शिवसेना) | ५९,६५१ | १८,९५१ |
| २०१९ | संग्राम थोपटे (काँग्रेस) | १,०८,९२५ | कुलदीप कोंडे (शिवसेना) | ९९,७१९ | ९,२०६ |
| २०२४ | शंकर मांडेकर (राष्ट्रवादी) | १,२६,४५५ | संग्राम थोपटे (काँग्रेस) | १,०६,८१७ | १९,६३८ |

### निकालांचे स्वरूप

वरील आकड्यांवरून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, २०१९ मध्ये थोपटे यांची मते ३०,३२३ ने वाढली, परंतु त्याच वेळी कोंडे यांची मते ४०,०६८ ने वाढली. म्हणजेच मते वाढूनही मताधिक्य घटले. दुसरी बाब म्हणजे, २०२४ मध्ये पराभूत होताना थोपटे यांना २०१९ च्या तुलनेत केवळ २,१०८ मते कमी पडली. त्यांचा आधार ढासळल्यामुळे हा पराभव झाला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यांची मते जवळपास तेवढीच राहिली आणि प्रतिस्पर्धी उमेदवाराची मते त्यापुढे गेली. भारतातील निवडणूक पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो, त्यासाठी निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. त्यामुळे एखाद्या नेत्याचा पाठिंबा कायम राहूनही विरोधी मते एका उमेदवारामागे एकवटल्यास त्याची जागा जाऊ शकते.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर मुळशी तालुक्यातील उमेदवार या मतदारसंघातून निवडून येण्याची २०२४ ही पहिलीच वेळ होती. स्वतंत्र मतदारसंघ गमावल्यानंतर सोळा वर्षांनी मुळशीला आपल्या तालुक्यातील आमदार मिळाला.

## माण व हिंजवडी परिसर

माण हे मुळशी तालुक्याच्या पूर्व भागातील गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विकसित केलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान हिंजवडी या नावाने ओळखले जात असले, तरी त्याचा मोठा विस्तार माणच्या हद्दीत झाला आहे. पुणे मेट्रोची तिसरी मार्गिका माण-हिंजवडी ते शिवाजीनगर अशी असून तिची लांबी सुमारे २३ किलोमीटर आहे. या मार्गिकेचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिचे आगारही माण येथेच आहे.

या परिसरातील प्रश्न मतदारसंघाच्या इतर भागांपेक्षा वेगळे आहेत. वाहतूक कोंडी, अरुंद रस्ते, पावसाळी पाण्याचा निचरा, कचऱ्याची विल्हेवाट, गृहसंकुलांचा पाणीपुरवठा आणि प्रकल्पांसाठी होणारे भूसंपादन हे येथील मुख्य विषय होत. कारभाराची जबाबदारीही अनेक यंत्रणांत विभागलेली आहे. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे, औद्योगिक क्षेत्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, तर भोवतालच्या भागाचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. २०१५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने माण, हिंजवडी, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे व गहुंजे ही सात गावे आपल्या हद्दीत घेण्याचा ठराव केला. त्यानंतरही समावेशाची मागणी वेळोवेळी पुढे येत राहिली. अशा स्थितीत या सर्व यंत्रणांकडे पाठपुरावा करण्यासाठी नागरिक आमदाराकडे येतात, मात्र त्यातील कोणतीही यंत्रणा आमदाराच्या अखत्यारीत नसते.

दुसरीकडे भोर व वेल्हे तालुक्यांत धरणग्रस्तांचे पुनर्वसन, उपसा सिंचन, दुर्गम वाड्यांपर्यंतचे रस्ते आणि रोजगाराचा अभाव हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. भोरमधील तरुणांना नोकरीसाठी बाहेर जावे लागते, तर माणमध्ये बाहेरून नोकरीसाठी आलेल्या लोकसंख्येला नागरी सुविधा पुरत नाहीत. एकाच आमदाराला या दोन्ही गरजांना न्याय द्यावा लागतो.

मतदारसंघांच्या सध्याच्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवर आधारित आहेत. घटनेच्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांचे फेरवाटप गोठवण्यात आले. त्यामुळे माण व हिंजवडी येथे २००१ नंतर झालेल्या लोकसंख्यावाढीचे प्रतिबिंब मतदारसंघाच्या सीमांत पडलेले नाही.

## विधिमंडळातील कारकीर्द

मार्च २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफीच्या मागणीवरून अर्थसंकल्प सादर होत असताना विधानसभेत गोंधळ झाला. या प्रकरणी काँग्रेस व राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना निलंबित करण्यात आले. त्यात थोपटे यांचा समावेश होता. हे निलंबन पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले. त्याच वर्षी जून महिन्यात राज्य सरकारने कर्जमाफी जाहीर केली.

२०१९ च्या अखेरीस उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली महाविकास आघाडीचे सरकार आले. ३० डिसेंबर २०१९ रोजी झालेल्या मंत्रिमंडळ विस्तारात थोपटे यांना स्थान मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समर्थकांनी पुण्यातील काँग्रेस भवनात तोडफोड करून नाराजी व्यक्त केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्यानंतर त्या पदासाठी थोपटे यांचे नाव चर्चेत होते. परंतु जून २०२२ मध्ये सत्तांतर होईपर्यंत हे पद रिक्तच राहिले आणि त्यानंतर भाजपचे राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. २०२३ मध्ये विरोधी पक्षनेतेपदासाठीही त्यांचे नाव पुढे आले होते. ते पद विजय वडेट्टीवार यांना मिळाले. तीन वेळा निवडून येऊनही थोपटे यांना मंत्रिपद किंवा विधानसभेतील प्रमुख पद मिळाले नाही.

## २०२४ ची लोकसभा निवडणूक

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार यांच्यात लढत झाली. त्याआधी मार्च महिन्यात शरद पवार यांनी अनंतराव थोपटे यांची त्यांच्या भोर तालुक्यातील निवासस्थानी भेट घेतली. १९९९ पासूनच्या दुराव्यामुळे या भेटीला विशेष महत्त्व दिले गेले. संग्राम थोपटे यांनी सुळे यांचा प्रचार केला. सुळे १,५८,३३३ मतांनी विजयी झाल्या व भोर विधानसभा क्षेत्रातही त्यांना आघाडी मिळाली. मात्र काही महिन्यांनंतर झालेल्या विधानसभा निवडणुकीत ही आघाडी थोपटे यांच्या बाजूने टिकली नाही.

## पक्षांतर

विधानसभेतील पराभवानंतर एप्रिल २०२५ मध्ये थोपटे यांनी काँग्रेसच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि २२ एप्रिल २०२५ रोजी मुंबईत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. राजगड सहकारी साखर कारखान्याची आर्थिक अडचण आणि काँग्रेसमध्ये संधी न मिळाल्याची भावना या दोन बाबींची त्या वेळी चर्चा झाली. भाजप व राष्ट्रवादी (अजित पवार) हे दोन्ही पक्ष महायुतीत असल्यामुळे, २०२४ मध्ये परस्परांविरुद्ध लढलेले थोपटे व मांडेकर या प्रवेशानंतर एकाच सत्ताधारी आघाडीचे घटक झाले. थोपटे कुटुंबाच्या अनेक दशकांच्या काँग्रेसनिष्ठेनंतर झालेल्या या पक्षांतरामुळे भोरमधील काँग्रेस संघटनेला मोठा धक्का बसला.