एका चिऱ्यात चार आवरणं

कोकणातल्या चिरेखाणीत नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा हातात घेऊन बघा. ओलसर आणि इतका मऊ, की हत्याराने सहज तासता येतो. तोच चिरा उन्हावाऱ्यात पडून राहिला की टणक होतो आणि घराची भिंत पिढ्यान्‌पिढ्या पेलतो. शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण ही नावं आपण शाळेत वेगवेगळी पाठ केली. हा दगड मात्र चौघांनी मिळून घडवला आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. त्यावर पाऊस पडत राहिला. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन उतरतो, त्यामुळे तो किंचित आम्लधर्मी असतो. मातीत मुरताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइडही त्यात मिसळतो आणि आम्ल वाढतं. हे पाणी कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका विरघळवून नेतं. मागे राहतं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोहाला ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. जांभ्याचा तांबडा रंग तो हाच.

वाहून गेलेल्या कॅल्शियमचा प्रवास तिथे संपत नाही. ते समुद्रात पोचतं, शिंपले आणि कालवं त्यातून आपली कवचं बांधतात, आणि हवेतला कार्बन त्या कवचांत अडकतो. लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीचं तापमान आवरण्यात या झिजेचा मोठा वाटा आहे. शिंपला फोडताना हे आठवलं तर मला खरंच भरून येतं.

जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकण थरावर थांबतं आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी तळ का गाठतात, याचं एक कारण या दगडात आहे.

या जांभ्याच्या उघड्या पठाराला आपण सडा म्हणतो. उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला, माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात तिथेच दवबिंदू ही वनस्पती उगवते. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की अडकलंच. या मातीत नायट्रोजन इतका कमी, की झाडाला तो किड्यांकडून घ्यावा लागतो. कासचं पठारही जांभ्याचंच. पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ते आहे. आपल्या गावच्या सड्याला मात्र आपण सहज ‘पडीक’ म्हणतो आणि यंत्र लावतो.

चिरा काढायला काही मिनिटं लागतात, घडायला लाखो वर्षं. घर बांधायला चिरा लागणारच. पण गावचा झरा ज्या सड्यावर जगतो, तो खाणीसाठी देण्याआधी ग्रामसभेत एकदा विचारा: हे पाणी येतं कुठून?